मेरी जेनने लावून घेतलेलं दार

'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चा १२२वा अंक, मुखपृष्ठावर जुलै १९७३. त्याचं शेवटचं पान मला डोळे मिटूनही दिसतं. पीटर पार्करची, म्हणजे स्पायडर-मॅनची, प्रेयसी ग्वेन स्टेसी आदल्याच अंकात गेलेली आहे. तिला पुलावरून खाली लोटणारा ग्रीन गॉब्लिन या अंकात मेला, पण त्याने काहीच भरून आलेलं नाही. पीटर पार्कर घरी येतो तर तिथे मेरी जेन. पार्ट्यांमध्ये रमणारी, कशाचंच मनाला लावून न घेणारी मेरी जेन. पीटर तिच्यावर चवताळतो. तुला कुणाचं काय सोयरसुतक, तुझी स्वतःची आई गेली तरी तुला काही वाटणार नाही, असं बोलून तिला चालती हो म्हणतो. ती रडते, दारापाशी जाते, दार उघडते. आणि मग बाहेर न जाता ते लावून घेते. आतून. दार लागल्याचा बारीकसा आवाज, आणि अंक संपतो.

लेखक गेरी कॉनवे तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. वीस वर्षांच्या मुलाला हे कसं सुचलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं. दुःखात असलेल्या माणसाने हाकललं तरी जायचं नसतं, हे कळायला बहुतेकांना पुष्कळ वय खर्च करावं लागतं. गिल केन यांनी ते पान असं काढलंय की तिच्या पाठीकडे पाहतानाही आपल्याला तिचा चेहरा समजतो.

गेली तीसेक वर्षं मी हे कॉमिक वाचते आहे. त्यातली पहिली पंधरा वर्षं 'तुझं आवडतं काय?' असं कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता उत्तर द्यायचे. नंतरच्या काळात तसं होत नाही. उत्तर तेच असतं, पण ते देताना घशात काहीतरी अडकतं. दर महिन्याचा अंक मी आजही वाचते. काही अंकांनी मला आजही रात्रभर जागवलंय. तरी या कथेने घेतलेलं एक वळण मला आतून मान्य झालेलं नाही, आणि आवडत्या गोष्टीबद्दल असं दुभंगलेलं मन घेऊन इतकी वर्षं राहणं सोपं गेलेलं नाही.

माझ्या हातात पहिला अंक दादाने आणून दिला. मुखपृष्ठ फाटून गेलेलं, मधली दोन पानं सुटलेली. चित्रं टॉड मॅकफार्लेनची होती हे पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा फक्त ते गाठीगाठींचं जाळं दिसलं, मुखवट्यावरचे भलेमोठे पांढरे डोळे दिसले, आणि घरी वाट पाहणारी लाल केसांची एक बाई दिसली. ती त्याची बायको. मला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. तो भिंतीवर चढतो, ती त्याची बायको आहे, दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या. पुढे जुने अंक मिळतील तसे उलटसुलट वाचत गेले, त्यामुळे माझ्या बाबतीत असं झालं की त्यांचं लग्न मी आधी पाहिलं आणि प्रेम नंतर. बहुतेक वाचकांचा क्रम याच्या उलट होता.

उलटं वाचत जाण्याचा एक फायदा झाला. एखाद्या पोक्त माणसाच्या घरातले जुने अल्बम चाळावेत तसा मला पीटर सापडत गेला. १९६२च्या ऑगस्टमधल्या 'अमेझिंग फँटसी'च्या १५व्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी त्याला जन्माला घातलं तेव्हा तो शाळकरी पोरगा होता, आणि त्या काळच्या सुपरहिरो कथांमध्ये पोरगेलेशी मुलं कुणातरी मोठ्या नायकाचे चेले म्हणून असायची. हा मात्र स्वतःच नायक. आणि तो वाढत गेला. २८व्या अंकात, १९६५ साली, त्याची शाळा संपली. कॉलेज संपायला १८५वा अंक आणि १९७८ साल उजाडावं लागलं. तिथेही व्यायामाच्या तासाचा एक श्रेयांक राहून गेल्यामुळे बिचाऱ्याला पदवी हातात मिळाली नाही. भिंती चढणाऱ्या माणसाचा व्यायामाचा तास राहिला! मग १९८७च्या वार्षिक अंकात लग्न. पंधरा वर्षांच्या एकलकोंड्या पोरापासून ते कुणाच्या तरी नवऱ्यापर्यंत यायला त्याला पंचवीस वर्षं लागली. आपल्या वर्षांच्या मानाने तो सावकाश वाढला, पण वाढला. घरं बदलली, मित्र दुरावले, परत आले. शाळेत त्याला छळणारा फ्लॅश थॉम्पसन त्याचा जिवलग झाला. जे घडलं ते घडून गेलं आणि सगळ्यांच्या अंगात मुरलं.

मला या कॉमिकचं वेड लागलं ते या मुरण्यामुळे. शक्ती, खलनायक, मारामाऱ्या इतरांकडेही होत्या.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण तिच्यावरून माझ्या तक्रारीबद्दल नेहमी गैरसमज होतो. कथेचा भूतकाळ बदलायला माझा विरोध नाही. साठ वर्षांहून अधिक काळ, डझनावारी लेखकांच्या हातून चालणारी कथा मागे वळून स्वतःत दुरुस्त्या करणारच. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते, ते प्रसिद्ध वाक्य घ्या. सगळे समजतात ते बेन काकांचं, म्हणजे पीटरला मे काकूंबरोबर लहानाचं मोठं करणाऱ्या काकांचं. १९६२च्या त्या मूळ कथेत बेन काका असं काहीही म्हणत नाहीत. ते शेवटच्या चौकटीतलं निवेदकाचं वाक्य आहे. पुढच्या लेखकांनी ते काकांच्या तोंडी घातलं, आणि त्या एका बदलाने मुलाच्या अपराधी मनाला घरातला आवाज मिळाला. यात कुणाचं काय बिघडलं? उलट मूळ कथा अधिक खोल झाली.

मेरी जेनच्या बाबतीत तर याहून सुंदर घडलं. १९८४ साली, २५७व्या अंकात ती पीटरला सांगते की तू स्पायडर-मॅन आहेस हे मला माहीत आहे. दोन अंकांनंतर तिचं बालपण कळतं: संतापी बाप, मोडलेलं घर, बहिणीला संकटात सोडून आल्याची बोच. तेव्हा लक्षात येतं की तो खिदळणारा चेहरा तिचा मुखवटा होता, पीटरच्या मुखवट्याइतकाच पक्का. मग १९८९ साली कॉनवे यांनीच 'पॅरलल लाइव्ह्ज' लिहिलं, आणि त्यात दाखवलं की बेन काका गेले त्याच रात्री शेजारच्या खिडकीतून तिने पीटरला त्या पोशाखात घरातून निघताना पाहिलं होतं. म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

आता पुन्हा त्या १२२व्या अंकाच्या शेवटच्या पानाकडे जा. त्यातली एक रेघसुद्धा बदललेली नाही. पण आता दाराशी उभी असलेली मुलगी जाणून आहे की समोरचा माणूस कोण आहे, त्याच्यामुळे ग्वेनचं काय झालं, आणि त्याच्याजवळ थांबणाऱ्या बाईचं काय होऊ शकतं. आई गेली तरी तुला काही वाटणार नाही, हे वाक्य कुठल्या घरातून आलेल्या मुलीला ऐकावं लागतंय तेही आपल्याला माहीत आहे. एवढं सगळं असून ती दार लावते आणि थांबते. सोळा वर्षांनी लिहिलेल्या एका पुस्तकाने जुन्या पानाला हात न लावता त्याचं वजन दुप्पट केलं. भूतकाळ बदलणं म्हणजे हे.

आणि मग दुसऱ्या प्रकारचं बदलणं असतं.

हे लग्न नकोसं वाटणं तसं जुनंच. १९९४ ते १९९६ चाललेल्या, पीटरच्या क्लोनच्या म्हणजे हुबेहूब प्रतीच्या प्रदीर्घ कथेमागे एक इच्छा अशीही होती की लग्न झालेला पीटर बाजूला व्हावा आणि एखादा सडाफटिंग स्पायडर-मॅन पुढे यावा. त्या कथेच्या शेवटी त्यांची मुलगीही जन्मताच हिरावली गेली. २००० साली मेरी जेनचं विमान उडवून दिलं, ती मेली असं सांगितलं. मग ती जिवंत निघाली, मग दुरावा आला, २००३ साली दोघं पुन्हा एकत्र आली. हे सगळं मी वाचलं, चिडले, रडले, पण कथेपासून तुटले नाही. कारण यातलं प्रत्येक संकट त्यांच्या संसारावर आलेलं संकट होतं. संसारच नव्हता असं कुणी म्हणत नव्हतं.

२००७च्या अखेरीस 'वन मोअर डे' आलं. चार भागांची कथा. आदल्या वर्षी 'सिव्हिल वॉर' या कथेत पीटरने साऱ्या जगासमोर मुखवटा काढला होता, त्याची किंमत मे काकूंना मोजावी लागली. गोळी लागून त्या मरणाच्या दारात आहेत, आणि कुणाकडेच उपाय नाही. मग मेफिस्टो येतो, म्हणजे सैतानच म्हणा. तो आत्मा मागत नाही. म्हणतो, मला तुमचं लग्न द्या. ते कधी झालंच नव्हतं असं होईल, कुणाला आठवणार नाही, काकू जगतील. आणि पीटर आणि मेरी जेन हो म्हणतात.

ते वाचलं तेव्हा माझं स्वतःचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. शेवटचं पान झाल्यावर मी अंक मिटला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. राग नंतर आला. आधी जे वाटलं ते अपमानाच्या जवळचं होतं. दादाला फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे आपण वाचलं ते काय होतं मग?" मला उत्तर देता आलं नाही. दादाने त्या दिवसापासून हे कॉमिक वाचणं सोडलं.

त्या कथेचे लेखक जे. मायकल स्ट्राझिन्स्की यांनाही तो शेवट मान्य नव्हता. शेवटच्या दोन भागांवरून आपलं नाव काढावं असं आपल्याला वाटत होतं, हे त्यांनी उघडपणे सांगितलंय. निर्णय मुख्य संपादक जो केसाडा यांचा होता, आणि चित्रंही त्यांचीच होती. त्यांची बाजूही त्यांनी लपवली नाही. लग्नामुळे पीटर म्हातारा होतो, घटस्फोट दाखवला तर तो आणखीच म्हातारा वाटेल, म्हणून जादूने सोडवायचं. या कथेचा गाभा तारुण्य आहे, आणि उद्या पहिल्यांदा अंक उचलणाऱ्या मुलाला त्यात आपला चेहरा दिसला पाहिजे, असं ते म्हणणं.

मी या म्हणण्यावर खूप विचार केलाय, कारण ते पोकळ नाही. नव्या वाचकासाठी दार उघडं ठेवायला हवं हे मला मान्य आहे, मीही एका फाटक्या अंकातून मधेच आत शिरलेली. पण मी शिरले तेव्हा पीटरला बायको होती, घरभाड्याची काळजी होती, आणि मी शाळेत होते. मला एक क्षणही असं वाटलं नाही की हा माझा नाही. पोरांना मोठ्यांच्या गोष्टी कळत नाहीत, हा मोठ्यांचा समज आहे. मला त्या लग्नातूनच पहिल्यांदा कळलं की दोन माणसं भांडूनही एका टेबलावर जेवू शकतात.

आणि दुसरं, जे मला अधिक टोचतं. पीटर पार्करचा सगळा स्वभाव एका गोष्टीवर उभा आहे: एकदा चुकलं, आणि ते परत फिरवता येत नाही. एका चोराला त्याने हातचा जाऊ दिलं, त्याच चोराच्या हातून काका गेले. ग्वेनला पडताना त्याने जाळं फेकून धरलं, आणि तिच्या मानेपाशी एक छोटासा आवाज छापलेला आहे. १२५व्या अंकातल्या वाचकांच्या पत्रांच्या पानावर संपादकांनी स्पष्टच लिहिलं की तो अचानक बसलेला हिसकाच तिच्या जिवावर उठला. म्हणजे त्याच्या वाचवण्यानेच ती गेली. हे ओझं घेऊन जो माणूस रोज सकाळी उठतो, तो पीटर. अशा माणसाने म्हाताऱ्या काकूंचं मरण परतवण्यासाठी सैतानाशी करार करावा? मे काकूंना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं हे त्यांचा एक अंक वाचलेल्यालाही ठाऊक आहे. लग्न गेलं याचं दुःख मला आहेच. पण तो करार करणारा पीटर मला ओळखू आला नाही, ते दुःख मोठं.

या सगळ्यात एक छोटी गोष्ट मला फार धीर देत आली. वर्तमानपत्रांत १९७७ पासून स्पायडर-मॅनची रोजची चित्रपट्टी छापली जायची. तिच्यातही १९८७ साली लग्न लागलं होतं. २००९च्या सुरुवातीला तिथेही पीटरला पुन्हा अविवाहित कॉलेजकुमार करून पाहिलं. वाचकांना ते रुचलं नाही. काही महिन्यांत तो सगळा भाग पीटरला पडलेलं स्वप्न ठरवला गेला, आणि तो जागा झाला तेव्हा मेरी जेन शेजारी होती. २०१९च्या मार्चमध्ये ती पट्टी बंद होईपर्यंत ते नवरा-बायकोच होते. सकाळच्या चहाबरोबर तीन-चार चौकटी वाचणाऱ्या, बहुधा उतारवयाच्या वाचकांनी ते लग्न राखलं. मी ती पट्टी कधी नियमाने वाचली नव्हती. पण ती चालू आहे एवढ्याने बरं वाटायचं.

मग मी का थांबले? दादासारखं सोडून का दिलं नाही?

खरं सांगायचं तर पुढचे अंक चांगले होते, म्हणून. हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली. २००८ पासून अंक महिन्यातून तीनदा येऊ लागला, नवे खलनायक आले, कथांना वेग आला. मार्कोस मार्टिन नावाचा चित्रकार मला याच काळात भेटला. २०११चा ६५५वा अंक काढून पाहा. स्पायडर-मॅनवर सतत आग पाखडणारा वर्तमानपत्रवाला जेमसन, त्याची बायको मार्ला हिची अंत्ययात्रा, आणि पानामागून पान एक शब्द नाही. लोक कपडे चढवतात, गाड्यांत बसतात, उभे राहतात. आयुष्यभर ओरडत आलेल्या जेमसनला तिथे आवाजच उरलेला नाही. अशा अंकासमोर मी माझा राग घेऊन किती वेळ उभी राहणार?

आणि आजूबाजूची माणसं वाढतच होती. फ्लॅश थॉम्पसन सैन्यात गेला, दोन्ही पाय गमावून आला, पुढे स्वतःच नायक झाला. जेमसनला २०१७ साली, दुसऱ्या एका मालिकेत, पीटरने स्वतःहून आपलं गुपित सांगितलं, आणि त्या एका संभाषणाने दोघांमधलं पन्नास वर्षांचं वैर वितळलं. ते कुणी पुसलं नाही. मे काकूंचं तर २००९ साली, ६००व्या अंकात, दुसरं लग्न लागलं, जेमसनच्या वडिलांशी. मी ते वाचताना हसले आणि मग एकदम गलबलून आलं. काकूंनी उतारवयात पुन्हा संसार मांडावा, ही किती छान गोष्ट. पण ज्या काकूंसाठी त्या पोराने आपला संसार दिला, त्यांच्या लग्नात तो एकटा उभा आहे, आणि आपण काय दिलंय हे त्याला आठवतही नाही.

डॅन स्लॉट यांनी २०१० पासून २०१८ पर्यंत ही कथा जवळपास एकहाती सांभाळली. २०१२च्या शेवटी ७००व्या अंकात त्यांनी पीटरचा जुना शत्रू डॉक्टर ऑक्टोपस याचं मन पीटरच्या शरीरात घातलं आणि पीटरला मारलं. त्यावरून काही वाचकांनी त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. आपल्यासारखंच प्रेम करणारी माणसं असं वागली याची मला तेव्हा लाज वाटली, आजही वाटते. आणि गंमत म्हणजे तीच कथा मला फार आवडली. दुसऱ्याचं आयुष्य ढापून 'मी हे अधिक चांगलं जगून दाखवतो' म्हणणारा माणूस, एकतीस अंकांनी कबूल करतो की मला हे जमत नाही, आणि स्वतः पुसला जाऊन ते आयुष्य परत करतो. त्या माणसाला पुसलं जाण्याचा अर्थ कळला होता.

२०१८ साली निक स्पेन्सर आले, अंकांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली आणि पहिल्याच अंकात मेरी जेन परतली. लग्न नाही, पण ती परतली. त्यांनी तीन वर्षं त्या जुन्या कराराच्या खुणा पेरल्या. मी प्रत्येक अंक पुन्हा पुन्हा वाचायचे, जणू कुणीतरी आतून भिंतीवर टकटक करतंय. २००४ साली ग्वेनच्या चारित्र्यावर एका कथेने उडवलेला चिखल त्यांनी धुऊन काढला, त्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. करार मात्र तसाच राहिला. २०२१ साली त्यांचा शेवटचा अंक मिटवताना मला कळलं की टकटक मीच करत होते.

पुढच्या वर्षी झेब वेल्स यांची कथा सुरू झाली तेव्हा मेरी जेन दुसऱ्याच एका माणसाबरोबर होती, पदरी दोन मुलं. दुसऱ्या जगात ती अडकली, तिथे वर्षं उलटली, असं पुढे कळलं, आणि ती मुलंही खरी नव्हती असंही. २०२३ साली, पुन्हा एकपासून सुरू झालेल्या मोजणीतल्या २६व्या अंकात कमला खानला, म्हणजे मिस मार्व्हलला, पीटरच्या कथेत मारलं, जिथे ती धड राहतही नव्हती. काही महिन्यांत ती दुसरीकडे जिवंत झाली. ते मरण कशासाठी होतं, हे मला आजवर उमगलेलं नाही. त्या अंकांची चित्रं जॉन रोमिटा ज्युनिअर यांची. १९६६ साली, मूळ मोजणीतल्या ४२व्या अंकात दार उघडल्यावर मेरी जेनचा चेहरा पहिल्यांदा दिसला, तो त्यांच्या वडिलांनी काढलेला. २६वा अंक आल्यावर दोन आठवड्यांच्या आत ते वडील वारले. त्या संध्याकाळी मी ४२वा अंक काढला आणि शेवटच्या पानावर थांबले. ती दारात उभी आहे, सगळं अजून व्हायचंय.

२०२४च्या जानेवारीत मला हवं होतं ते मिळालं. जोनाथन हिकमन आणि मार्को केकेत्तो यांनी एका वेगळ्या विश्वात 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' सुरू केलं. पीटरला दाढी आहे, मेरी जेन बायको आहे, मुलगा आणि मुलगी आहे. बेन काका जिवंत आहेत. कोळी त्याला चावतो तो मोठेपणी. अंकाच्या प्रती दुकानांतून संपत गेल्या, पुन्हा छापाव्या लागल्या. लग्न झालेला पीटर कुणाला नको असतो, या म्हणण्याला इतकं सरळ उत्तर दुसरं नसेल. मी तो पहिला अंक वाचला आणि डोळे भरून आले. जेवणाच्या टेबलावरची त्यांची बडबड, मुलांची धांदल, रात्री हळू आवाजातलं बोलणं. सतरा वर्षं मी हेच मागत होते.

आणि तिसऱ्या-चौथ्या अंकापासून काहीतरी कमी वाटू लागलं. कथेत खोट नव्हती, ती उत्तम होती. पण या पीटरला काका गमावल्याची बोच नाही. त्याने चोराला जाऊ दिलेलं नाही. या मेरी जेनला खिदळण्याचा मुखवटा कधी घालावा लागला नाही, आणि त्यांच्या मागे ते दार नाही. हे सुखी आहेत, देव करो आणि सुखीच राहोत, पण मी ज्यांची वाट पाहत होते ती ही दोघं नव्हेत. मला वाटत होतं मला त्यांचं लग्न परत हवंय. मला त्या लग्नापर्यंतची सगळी वर्षं हवी होती, एक न गाळता, ग्वेनसकट.

स्लॉट यांचा निरोपाचा अंक, ८०१वा, मी दर वर्षी एकदा वाचते. चित्रं पुन्हा मार्कोस मार्टिनची. स्पायडर-मॅनने एकदा वाचवलेला एक साधा माणूस, आणि त्या वाचण्यामुळे त्याला मिळालेली पुढची वर्षं. बस, एवढंच. तो माणूस मोठा होत जातो, त्याच्या माणसांत रमतो. स्पायडर-मॅन कथेत अगदी थोडा आहे. ज्या लेखकाशी मी मनातल्या मनात दहा वर्षं वाद घातला, त्याने जाता जाता माझ्याच बाजूची गोष्ट लिहून ठेवली असं मला वाटतं. की ती त्याचीही बाजू पहिल्यापासून होती, हे मला आता सांगता येत नाही.

दादा वर्षातून एकदा तरी फोनवर विचारतो, "लागलं का त्याचं लग्न परत?" मी नाही म्हणते, आणि आम्ही दुसरं काही बोलू लागतो. २०२४ साली मी पहिल्यांदा हो म्हणाले. वेगळं विश्व, दोन मुलं, बेन काका, सगळं भराभर सांगितलं. तो ऐकत होता.

"आणि ग्वेन?" त्याने विचारलं.

"जिवंत आहे. हॅरीची बायको आहे ती."

पलीकडे बराच वेळ आवाज नाही.

"मग हा तो नव्हे," दादा म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "तरी पाठव."